नाताळची विधानसभा आणि १८९६ चा मताधिकार कायदा

प्रश्न – मुळाकाठ (पुणे)

आमच्या कोथरूडच्या वाचनमंडळात एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वसाहतींच्या लोकनियुक्त विधिमंडळांवर चर्चा ठरली असून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीचा भाग माझ्याकडे आला आहे. तेथील १८९६ च्या मताधिकार कायद्याची अट अशी होती की, ज्या देशांत संसदीय मताधिकारावर आधारलेल्या लोकनियुक्त प्रातिनिधिक संस्था नाहीत, त्या देशांच्या मूळ रहिवाशांना आणि पुरुषवंशाने त्यांच्या वंशजांना मतदारयादीत नाव नोंदवता येणार नाही. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेलेले होते. असे असताना ही अट भारताला लागू पडते असे नाताळच्या सभागृहाने कशाच्या बळावर धरले आणि लंडनने ते कसे चालवून घेतले?

उत्तर – जुनी पेठ

आधी त्या सभागृहाची घडण पाहावी लागेल. नाताळला १८५६ च्या सनदेने सोळा सभासदांचे कौन्सिल मिळाले होते आणि त्यांपैकी बारा निवडून येत. १८९३ मध्ये वसाहतीला जबाबदार राज्यपद्धती (विधिमंडळाला जबाबदार असलेले स्थानिक मंत्रिमंडळ) मिळाली, तेव्हा ३७ सभासदांची निर्वाचित विधानसभा आणि ११ नियुक्त सभासदांचे वरिष्ठ सभागृह अशी रचना होऊन सर जॉन रॉबिन्सन पहिले पंतप्रधान झाले. मतासाठी ५० पौंडांची स्थावर मालमत्ता किंवा वर्षाला १० पौंड भाड्याची जागा पुरेशी होती, पण आफ्रिकी बहुसंख्येला १८६५ च्या कायद्याने जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवले होते. नाताळविषयी बोलताना ही गोष्ट मागे पडते, ती आपल्या चर्चेत पडू नये. भारतीयांवर अशी बंदी नव्हती. तरीही गांधींनी त्या वादात दिलेल्या आकड्यांनुसार ९,३०९ युरोपीय मतदारांसमोर भारतीय मतदार केवळ २५१ होते. म्हणजे भारतीयांच्या मतांनी सत्ता पालटेल, ही भीती यादीवरून तरी सिद्ध होत नव्हती.

जबाबदार राज्यपद्धती मिळताच, १८९४ मध्ये, या सभागृहाने आशियाई वंशाच्या लोकांना उघडपणे वगळणारे विधेयक मंजूर केले. त्याविरुद्ध गांधींनी सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांच्याकडे पाठवला. हे रिपन म्हणजे हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा ठराव करणारे पूर्वीचे व्हाइसरॉयच. त्या विधेयकाला लंडनची संमती मिळाली नाही, आणि म्हणून १८९६ चा नवा मसुदा आला. रिपन यांच्यानंतरचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या खात्याचा आक्षेप वगळण्याला नव्हता, तर राणीच्या प्रजाजनांना वंशाचे नाव घेऊन सरसकट वगळण्याला होता.

उत्तर – दफ्तर

आपल्या प्रश्नाचा गाभा मुंबई कौन्सिलात आहे. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टमध्ये निवडणूक हा शब्दच टाळलेला होता. नगरपालिका, स्थानिक मंडळे, विद्यापीठ अशा संस्थांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नराने त्या व्यक्तीची नेमणूक करायची, अशी ती पद्धत होती. टिळक आणि त्यांच्यानंतर गोखले याच वाटेने कौन्सिलात गेले. तेथे अंदाजपत्रकावर चर्चा करता येई आणि प्रश्न विचारता येत, परंतु अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. पुण्यातील सामान्य रहिवाशाने थेट मत देऊन कौन्सिलाचा सभासद निवडला, असे त्या काळी कधीच घडले नाही. म्हणूनच ‘संसदीय मताधिकारावर आधारलेल्या’ हे शब्द मसुद्यात मुद्दाम घातले गेले, असे माझे मत आहे. नुसते ‘लोकनियुक्त प्रातिनिधिक संस्था’ म्हटले असते, तर भारतातील नगरपालिका आणि प्रांतिक कौन्सिले पुढे करून वाद जिंकण्यास जागा राहिली असती, आणि गांधींचा युक्तिवाद नेमका त्याच दिशेचा होता.

मला याहून गंभीर वाटते ती कायद्यातील एक छोटी पुस्ती. युरोपीय वंशाच्या व्यक्तींना ही अट लागूच नव्हती. रशियात त्या वेळी कोणतीही संसद नव्हती, पण रशियातून आलेला गोरा माणूस नाताळमध्ये मतदार होऊ शकत होता. त्यामुळे संस्था आहेत की नाहीत, ही खरी कसोटी नव्हतीच.

मुळाकाठ

आपल्या दोघांचाही आभारी आहे. आधीपासून यादीत असलेल्या भारतीयांचे काय झाले? आणि केप वसाहतीतही असेच घडले का?

उत्तर – जुनी पेठ

ज्यांची नावे यादीत कायदेशीरपणे आलेली होती, त्यांची मते कायम राहिली. नव्याने येऊ पाहणाऱ्याला गव्हर्नर आणि त्याच्या मंत्रिमंडळाकडून सूट मिळवावी लागे.

केपची वाट वेगळी होती. तेथील संसद १८५४ मध्ये भरली, दोन्ही सभागृहे निवडून येत, आणि २५ पौंड किमतीची जागा ताब्यात असलेल्या कोणत्याही वंशाच्या पुरुषाला मत होते. १८८७ मध्ये जमातीच्या सामाईक जमिनीतील वाटा या मोजणीतून काढून टाकला गेला. सेसिल ऱ्होड्स पंतप्रधान असताना, १८९२ मध्ये, ही मर्यादा ७५ पौंडांवर नेऊन स्वतःचे नाव, पत्ता व व्यवसाय लिहिता येण्याची अट घातली गेली. केपने मालमत्तेची आणि साक्षरतेची अट लावली, नाताळने जन्मदेशाच्या राज्यपद्धतीची. वंशाचे नाव न घेता वंश गाळण्याचे काम दोन्ही ठिकाणी झाले.

नाताळचे सभागृह तेथे थांबले नाही. १८९७ मध्ये त्याने वसाहतीत प्रवेशासाठी युरोपीय भाषेत अर्ज लिहिण्याची अट घातली, चेंबरलेन यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे तो नमुना म्हणून ठेवला, आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने देशात प्रवेशासाठी श्रुतलेखनाची परीक्षा कायद्यात आणली. चर्चेत वेळ उरला, तर हा दुवा अवश्य घ्यावा.