हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसी: २०३० ही तारीख कितपत धरून चालावी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील एलएचसी त्वरक प्रोटॉनांचे झोत एकमेकांवर आदळवतो. टक्करींची संख्या खूप वाढवणाऱ्या त्याच्या उन्नतीकरणाला (हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसी) जून २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा नवे यंत्र २०२६ च्या सुमारास चालू होईल असे सांगितले जात होते. आता २०३० सांगतात. बारावीतील एका मुलीने विचारले, "मॅडम, मी पीएचडीला जाईन तोवर ते खरेच चालू झालेले असेल का?" तिला जबाबदारीने उत्तर द्यायचे आहे. ही तारीख नेमकी कशावर अडते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ (ऐरोली)

मॅडम, मुख्यतः चुंबकांवर. टक्कर होते तिथे प्रोटॉनांचा झोत जितका बारीक करावा, तितका तो त्याआधीच्या चुंबकांतून जाताना फुगतो. म्हणून अ‍ॅटलास आणि सीएमएस या टक्करी टिपणाऱ्या दोन मोठ्या शोधकांच्या (डिटेक्टर) दोन्ही बाजूंच्या चुंबकांचे भोक ७० मिलिमीटरवरून १५० मिलिमीटरवर न्यावे लागले. एवढ्या रुंद भोकातून झोत आवळायचा तर गुंडाळीवर ११ टेस्लाहून अधिक चुंबकीय क्षेत्र येते, आणि ते आजच्या चुंबकांतील नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक (विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या) तारेला पेलत नाही. म्हणून नायोबियम-टिन. ही तार आधी गुंडाळतात आणि मग सुमारे ६५० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवतात, कारण अतिसंवाहक संयुग त्या उष्णतेतच तयार होते. पण भट्टीतून निघालेली गुंडाळी काचेसारखी ठिसूळ असते. ती चुंबकात आवळून बसवताना जरा जास्त ताण पडला तरी आत बारीक तडे जातात, आणि चुंबक १.९ केल्विनपर्यंत (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) थंड करून पूर्ण प्रवाह सोडल्याशिवाय ते कळत नाही. याच पदार्थाचे ११ टेस्लाचे द्विध्रुवी (झोत वळवणारे) चुंबक चाचणीत घसरू लागल्यामुळे बोगद्यात बसवले नाहीत. उशीर झाला तरी हा निर्णय योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ (खारघर)

मी निवृत्त तंत्रज्ञ आहे. एका लहान इलेक्ट्रॉन त्वरकावर माझी बरीच वर्षे गेली. निर्वात नळी उघडून पुन्हा बंद केली की एकदम पूर्ण शक्ती देता येत नाही. थोडी वाढवायची, आत ठिणगी पडली की खाली आणायची, निर्वात सावरू द्यायचा, मग पुन्हा वर. आमच्या काही मीटरच्या नळीला यात दिवस लागत. एलएचसीत २७ किलोमीटरच्या वर्तुळातला १.२ किलोमीटरहून अधिक भाग बदलायचा आहे. त्यामुळे २०२६ च्या मध्यापासून ठरलेला दीर्घ विराम (यंत्र बंद ठेवून कामे करण्याचा काळ) मला लांब वाटत नाही. भूमिगत दालने खोदून तयार आहेत, चुंबकांची संपूर्ण मालिका आधी जमिनीवर जोडून तपासण्याची सोयही केली आहे; नियोजनाचा हा भाग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

उत्तर ३ (वाशी)

मी सीएमएसच्या विदेवर (डेटावर) पीएचडी करतो आहे, म्हणून विद्यार्थिनीपुरते सांगतो. आज झोतांतील प्रोटॉनांचे गुच्छ एकमेकांतून जाताना साधारण ६० टक्करी एकदम होतात; पुढे १४० ते २०० होतील, म्हणून शोधकही बदलावे लागत आहेत. त्यांच्या बांधणीत मुंबईतील टीआयएफआरसह (टाटा मूलभूत संशोधन संस्था) भारतीय संस्था आहेत, आणि भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिची एम.एस्सी. होईपर्यंत २०३० उलटलेले असेल. तारीख आणखी एक-दोन वर्षे सरकली तरी तिचे काम अडणार नाही, कारण आतापर्यंत साठलेल्या विदेचे विश्लेषण विरामातही चालूच राहते. तिने आत्तापासून प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पक्के करावे.