रेनेसाँ चित्रांची पोस्टाची तिकिटं जमवायचीत, सुरुवात कुठून करू?

अलका_नाशिक:
नमस्कार मंडळी, बाबांचा जुना तिकिटांचा अल्बम माळ्यावरून काढला, त्यात मधली सात-आठ पानं नुसती चित्रांची निघाली, राफाएल, बोतिचेल्ली, मायकेलँजेलो, आणि मी तासभर तिथेच बसून राहिले. आता हाच विषय धरून पुढे जमवायचंय. पण बरीचशी तिकिटं अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा नावांची आहेत, मोठी आणि चकचकीत, त्यांना काही मोल आहे का? बजेट महिन्याला पाचेकशे रुपये. देश धरून जमवावं की चित्रकार?

पागोळी:
अलकाताई, ती तिकिटं आमच्या पिढीतल्या खूप जणांकडे सापडतील. एखादं उलटं करून बघा, पुढे शिक्का असेल पण मागे गोंद जसाच्या तसा, म्हणजे ते पत्राला कधी लागलंच नाही, आधीच शिक्का मारून संग्राहकांसाठी विकलेलं. १९६०-७० च्या सुमारास त्या छोट्या अमिरातींच्या नावाने अशी ढिगाने निघाली. पैशात फारसं मोल नाही, पण बाबांनी हाताने लावलेली पानं आहेत, मोडू नका.

माझं म्हणाल तर देशही नको आणि चित्रकारही नको, एकच कलाकृती धरा. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहाचं मायकेलँजेलोने रंगवलेलं छत घ्या. इटलीने १९६१ मध्ये रोजच्या वापराची १९ तिकिटं काढली, १ लिरापासून १००० लिरापर्यंत, सगळी मायकेलँजेलोच्या कामावर, म्हणजे तिथली माणसं साध्या घरच्या पत्रावर त्या छतावरचे चेहरे चिकटवत होती, मला हे फार आवडतं. ५०० वर आदम, १००० वर इव्ह. खालच्या किमतीची वापरलेली अगदी स्वस्तात मिळतात, तिथून सुरू करा. मग आपला भारताचा १९७५ चा सेट, मायकेलँजेलोच्या ५०० व्या जयंतीचा, ५० पैशांची ४ तिकिटं एकमेकांना जोडलेली. आणि नंतर व्हॅटिकनची १९९४ ची. का, तर १९८० ते ८९ मध्ये त्या छतावरची शतकांची काजळी आणि जुना सरस काढला आणि खालून पोपटी, नारिंगी असे झगझगीत रंग बाहेर आले. भारताचं तिकीट त्याच्या आधीचं, व्हॅटिकनचं नंतरचं. दोन्ही शेजारी ठेवून बघा एकदा.

शिसपेन्सिल:
पागोळींशी सहमत, फक्त एक भर. दहापटीचं भिंग घ्याच. बरीच तिकिटं ठिपक्यांनी छापलेली असतात, पण फ्रान्सने १९६१ पासून चित्रांची जी मोठी तिकिटं काढली त्यातली सुरुवातीची कोरीव छपाईची आहेत, भिंगाखाली ठिपका नाही, सलग रेघा, गालावरची सावलीसुद्धा रेघांनीच केलेली. ड्युरर या जर्मन चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर जे केलं तेच काम, फक्त अंगठ्याएवढ्या जागेत. त्याच्या ५०० व्या जयंतीला, १९७१ मध्ये, पश्चिम जर्मनीने तिकिटावर चित्र न देता त्याची ए आणि डी ची सही तेवढी दिली, ते एक नक्की घ्या, महाग नाही. आणि त्यांचंच १९५२ चं ५ फेनिगचं मोनालिसा.

मिलानकर:
कोणी इकडे इटलीत मिलानला येणार असेल तर कोर्दुसिओजवळ व्हिया आर्मोरारीत रविवारी सकाळी तिकिटं-नाण्यांचा बाजार भरतो, १९६१ चा सेट तिथे सहज मिळतो.

अलका_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. पागोळीदादा, अगदी तसंच निघालं, शिक्का बरोब्बर कोपऱ्यात आणि मागे गोंद चकाकतोय. आणि भारताचा १९७५ चा सेट बाबांकडे आहे!! चारही तिकिटं जोडलेली, वेगळी केली नाहीत त्यांनी. फक्त एकाच्या कडेला, दात्यांपाशी, चहाच्या रंगाचे बारीक डाग आहेत, पाण्याने जातील का?

पागोळी:
पाणी अजिबात नको ताई, गोंद जाईल. ते दमट हवेचे डाग आहेत आणि शेजारच्या तिकिटांवर पसरतात, म्हणून तो सेट आजच चिमट्याने काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिक नको, बटरपेपरसारखा कागद मिळतो त्याचं. बाकीचा अल्बम कपाटात उभा ठेवा, आडवा ठेवून वर वजन नको, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंख्याखाली पानं उलटत जा. जोड मात्र तोडू नका.