कर्नल गोठवून ठेवणे हा उपाय नव्हे

रात्रपाळी : लिनक्सच्या नव्या कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) यंत्र बूट होत नसेल, म्हणजे सुरूच होत नसेल, तर जुन्या कर्नलवर परत जावे आणि तीच आवृत्ती कायमची गोठवून ठेवावी, असा सल्ला काल एका लेखात वाचला. तो मला इतका खटकला, की सविस्तर लिहिणे भाग आहे. नव्या कर्नलवर बूट अडते ते अनेकदा डिस्कचे नाव बदलल्यामुळे. एसडीए, एसडीबी ही नावे ठरावीक डिस्कची नसतात. डिस्क कोणत्या क्रमाने सापडली, एवढेच ती सांगतात. ड्रायव्हर लोड होण्याचा क्रम बदलला की नावेही बदलतात. २००७ मध्ये फेडोरा ७ या लिनक्स वितरणाने जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कनाही एसडी मालिकेतली नावे दिली, तेव्हा त्यांचे आधीचे एचडीए हे नाव लिहिलेल्या ओळी निरर्थक ठरल्या होत्या. म्हणून ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ई’ दाबून रूटचे, म्हणजे प्रणाली ज्या विभागात आहे त्याचे, नाव तात्पुरते सुधारावे, बूट झाल्यावर ‘ब्लकआयडी’ ही आज्ञा चालवून यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाहावा आणि तोच एफस्टॅबमध्ये (कोणता विभाग कुठे जोडायचा त्या यादीत) व ग्रबमध्ये लिहावा.

जुनी तार : असहमत. यूयूआयडी हा रामबाण असल्यासारखे लिहू नका. मी ‘डीडी’ या आज्ञेने डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि दोन्ही डिस्क यंत्रात तशाच ठेवल्या. यूयूआयडी दोन्हींचा एकच असल्यामुळे यंत्र जुन्याच डिस्कवरून सुरू होत राहिले, आणि दोन आठवड्यांचे काम भलत्याच ठिकाणी साठत गेल्याचे मला जुनी डिस्क काढली त्या दिवशी कळले. नाव बदलले असते तर यंत्र निदान अडले तरी असते.

रात्रपाळी : हा दोष प्रत काढण्याच्या पद्धतीचा आहे, यूयूआयडीचा नाही. प्रत काढल्यावर ती माउंट करण्याआधीच (प्रणालीला जोडण्याआधीच) ‘ट्यूनटूएफएस’ या आज्ञेने ईएक्सटी४ या प्रकारच्या फाइलसिस्टिमला नवा यूयूआयडी देता येतो. एक्सएफएस हा दुसरा प्रकार तर तोच यूयूआयडी असलेली दुसरी प्रत माउंट करायलाच नकार देते.

जुनी तार : दोन आठवड्यांचे काम ज्याचे गेले, त्याला पद्धत शिकवू नका. ही पायरी तुमच्या मूळ लेखनात का नव्हती, एवढेच सांगा.

रात्रपाळी : ती असायला हवी होती, हे मान्य करतो. पण त्यामुळे एसडीए लिहिणे योग्य ठरत नाही.

तिसरी फाइल : तुम्ही दोघेही प्रतींवरच अडून बसला आहात. पडद्यावर काय दिसते ते आधी वाचा. ‘एसडीए२ डझ नॉट एक्झिस्ट’ (एसडीए२ अस्तित्वात नाही) असे येऊन इनिटरॅमएफएसचा (रूट जोडण्याआधी मेमरीत चालणाऱ्या छोट्या प्रणालीचा) प्रॉम्प्ट दिसला, तर तिथेच ‘कॅट /प्रोक/पार्टिशन्स’ने सापडलेल्या विभागांची यादी काढून नाव बदलले आहे की डिस्क मुळीच सापडलेली नाही, ते पाहावे. ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ असे आले, तर बहुधा इनिटरॅमएफएस तरी तयार झालेली नसते किंवा ड्रायव्हर तरी राहून गेलेला असतो. तिथे एफस्टॅब सुधारून काहीही होणार नाही. शिवाय फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नलला स्वतःला कळत नाही, ते काम इनिटरॅमएफएस करते. ती वापरत नसाल, तर पार्टयूयूआयडीच, म्हणजे डिस्कवरच्या विभागाचा ओळख क्रमांकच, लिहावा लागतो.

जुनी तार : हे पटले. कर्नल गोठवल्याने सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, त्यामुळे त्या लेखाची बाजू मी घेत नाही. तरीही माझ्या यंत्रांवर मी लेबलच, म्हणजे फाइलसिस्टिमला आपण दिलेले नावच, लिहीन, कारण रात्री दोन वाजता यूयूआयडीची छत्तीस अक्षरे ताडून पाहताना माझी चूक झालेली आहे.

रात्रपाळी : लेबल चालेल, फक्त प्रत काढल्यावर तेही बदला. आणि स्वॅप (मेमरीला पूरक असा डिस्कवरचा भाग) नव्याने तयार केला असेल तर एफस्टॅबमधली त्याची ओळ तपासा. जुना यूयूआयडी राहिला की सिस्टिमडी (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट पाहत बसते.