मदत हवी आहे: नोकरी सोडायचीये पण संबंध न बिघडवता
नमस्कार मंडळी, मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दुसरीकडून ऑफर आलीये आणि ते म्हणतात 30 दिवसांत जॉइन व्हा, इथे नोटीस पिरियड 90 दिवसांचा. बायआउटचे (म्हणजे उरलेल्या नोटीस दिवसांच्या बदल्यात कंपनीला द्यायचे) पैसे भरायची तयारी आहे पण आमच्या साहेबांनी मला व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) धरण्यापासून सगळं शिकवलंय हो, त्यांना एचआरच्या मेलवरून कळावं असं अजिबात वाटत नाही. आधी त्यांना भेटून सांगू की थेट राजीनामा मेल करू? त्यात कस्टमर ऑडिट तोंडावर आलंय, हँडओव्हर अर्धवट टाकून जायला मन होत नाही. पीएफ यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर होईल, पण रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडकू नये म्हणून लास्ट वर्किंग डे आधीच लेखी घ्यावा का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा, सोमवारी बोलायचंय.