प्रतिसाद : डोंजा गाव आणि सचिनची भेट

प्रसिद्ध खेळाडू खेड्यात येतात ते केवळ छायाचित्रांसाठी, हे नेहमी ऐकू येणारे मत मला डोंजा गावाच्या बाबतीत अन्यायकारक वाटते. धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाचे उस्मानाबाद) परंडा तालुक्यातले हे गाव सचिन तेंडुलकर यांनी राज्यसभेचे सदस्य असताना सांसद आदर्श ग्राम योजनेखाली (खासदाराने गाव निवडून त्याचा विकास घडवून आणण्याची योजना) दत्तक घेतले आणि डिसेंबर 2017 मध्ये ते स्वतः तेथे गेले.

येथे एक बाब लक्षात घ्यायला हवी. 2014 साली सुरू झालेल्या या योजनेला स्वतंत्र निधी नाही. इतर योजनांचा पैसा आणि वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी यांवरच सारे अवलंबून असते. सचिन नामनियुक्त (राष्ट्रपतींनी नेमलेले) सदस्य असल्यामुळे त्यांना देशातील कोणत्याही जिल्ह्यात कामे सुचवता येत होती, आणि तरीही त्यांनी आधी दत्तक घेतलेल्या आंध्रातील पुट्टमराजू कंड्रिगा या गावानंतर मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातील गाव निवडले, याचे मला मोल वाटते.

मात्र माझी खरी काळजी वेगळी आहे. खासदार निधीतून शाळेची इमारत, रस्ता, नळयोजना उभी राहते, पण देखभालीचा आवर्ती खर्च त्यातून करता येत नाही. तो भार शेवटी ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीवर येतो, आणि पाऊस हुकला की कोरडवाहू शेतकऱ्याची पहिली थकबाकी तीच असते. म्हणून अशा भेटीची चर्चा करताना नळाला आज पाणी येते का, हे आपण आधी विचारावे.