कुत्र्याला गोचिडाची गोळी दोनदा गेली : तुमचेही अनुभव लिहा

यंदा मे महिन्यात आमच्या शेरूला गोचिडाची गोळी एकाच दिवशी दोनदा गेली. सकाळी आईनं भाकरीच्या कुस्कऱ्यात घालून दिली, आणि संध्याकाळी मी कामावरून आल्यावर माझ्या हातानं दिली. जीव दोघांचाही त्याच्यावर, पण एकमेकांना सांगितलं कुणीच नाही. रात्री साडेनऊला कचऱ्याच्या डब्यात दोन रिकामी पाकिटं दिसली आणि माझे हातपाय गळाले.

डॉक्टरांनी फोनवर आधी तीनच गोष्टी विचारल्या. कुत्र्याचं वजन किती, पाकिटावर मिलिग्रॅम किती, आणि याआधी कधी फिट आली होती का. शेरू २२ किलोचा, गोळ्या अफोक्सोलेनरच्या, ६८ मिलिग्रॅमच्या दोन. म्हणजे किलोमागं साधारण ६.२ मिलिग्रॅम. नेहमीचा डोस किलोमागं किमान २.५ चा असतो. ते म्हणाले, ‘या औषधाच्या सुरक्षा-चाचणीत पिल्लांना किलोमागं ६.३ मिलिग्रॅमच्या पाचपटीपर्यंत दिलेलं आहे. तो लटपटतोय का, थरथरतोय का, तेवढं रात्रभर बघा. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, ते मीठच अंगावर येतं.’ मी खरंच तांब्यात मिठाचं पाणी कालवून ठेवलं होतं. ते मोरीत ओतलं.

पहाटे एक उलटी झाली. दिवसभर कूलरसमोर पडून होता, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरीसाठी पुन्हा दारात उभा.

तुमच्याकडं असं झालं असेल तर औषध कुठलं, वजन किती, काय काय दिसलं, ते लिहा.

मोहोळजवळ, वस्तीवर
आमचं निभावलं, पण लई वाईट दिवस काढले. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन घरात होतं. वडिलांनी त्यातलं अर्धा मिली कुत्रीला भाकरीवर घातलं. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडं नेऊन त्याच औषधाची सुई दिली, घरातलं मला ठाऊकच नव्हतं. त्या बाटलीत एका मिलीला १० मिलिग्रॅम असतं, आणि कुत्र्याला हृदयात जंत होऊ नयेत म्हणून लागतं किलोमागं ६ मायक्रोग्रॅम. आमची कोली जातीची क्रॉस, २० किलोची. कोली जातीत बऱ्याचदा एक जन्मजात दोष असतो, त्यानं हे औषध मेंदूत शिरतं. रात्री तिला भिंत दिसंना, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, लाळ गळत होती, मागचे पाय टिकत नव्हते. याला उतारा नाही असं डॉक्टर म्हणाले. सलाईन, कोळशाची पावडर आणि कूस बदलत राहणं, एवढंच हातात होतं. पाचव्या दिवशी तिनं मान उचलली. वडील चार रात्री गोठ्यात तिच्याजवळच झोपले.

जुळे सोलापूर
आमची चूक वेगळी. फ्लुरालेनरची गोळी १२ आठवडे चालते. आधीची गोळी महिन्याची असायची, म्हणून आमच्या ह्यांनी महिन्यानं दुसरी दिली. आमच्या लॅबला (लॅब्राडॉरला) लहानपणी दोनदा फिट येऊन गेली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. गोळीनंच आली का, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली या गटातल्या (फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर अशा) गोळ्यांबद्दल झटक्यांचा इशारा दिलेला आहे. फिटचा इतिहास आम्ही गोळी लिहून घेतानाच सांगायला हवा होता.

अक्कलकोट रोड
पिल्लाला जंताचं सिरप आधी मी पाजलं, मग माझ्या बहिणीनं. एक दिवस पातळ शी, बस. आता औषध दिलं की कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल करतो आणि बाटलीला रबरबँड लावतो.

शेरूच्या घरून पुन्हा
लाल गोल आजपासून आमच्याकडंही. जुळे सोलापूरच्या ताई, त्या फिटनंतर लॅबला गोचिडासाठी आता काय वापरता?