इव्हान पेरिशिच: मोठ्या सामन्यांचा खेळाडू की अर्ध्या हंगामाचा?

रात्रपाळी

2018च्या फुटबॉल विश्वचषकातला क्रोएशिया-इंग्लंड उपांत्य सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला होता. पाचव्याच मिनिटाला इंग्लंडच्या ट्रिपियरची फ्री किक जाळ्यात गेली आणि त्यानंतर तासभर क्रोएशियाचे पाय जड वाटत होते. साहजिकच होतं, आधीचे दोन्ही बाद फेरीचे सामने पेनल्टीपर्यंत ताणले गेले होते. 68व्या मिनिटाला उजवीकडून व्र्साल्कोचा क्रॉस आला. इंग्लंडचा काइल वॉकर हेडरसाठी खाली वाकला, आणि मागून क्रोएशियाच्या पेरिशिचने त्याच्या डोक्याच्या उंचीवर डावा पाय घालून चेंडू आत ढकलला. चार मिनिटांत त्याचाच एक फटका खांबाला लागला. 109व्या मिनिटाला त्याने डोक्याने मागे सरकवलेल्या चेंडूवर मांजुकिचने विजयी गोल केला. चाळीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश अंतिम सामन्यात गेला, तो या माणसामुळे.

तरीही त्या पिढीचं नाव निघालं की आधी मॉड्रिच येतो, मग राकितिच, मग मांजुकिच. पेरिशिच 'आणि इतर'मध्ये. मला हे पटत नाही. 2014, 2018 आणि 2022 अशा तीन विश्वचषकांत मिळून त्याचे 6 गोल आहेत, युरोमध्ये (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) 4. मोठ्या स्पर्धांत क्रोएशियासाठी दहा गोल, म्हणजे क्रोएशियाच्या जुन्या स्ट्रायकर शूकरपेक्षाही एक जास्त. 2014 ते 2022 या काळातल्या पाचही मोठ्या स्पर्धांत त्याने गोल केला आहे. माझ्या मते मॉड्रिचनंतर क्रोएशियाचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू तोच. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावं.

जुना लेफ्टआउट

कारणांसह लिहितो.

डावोर शूकरने 1998मध्ये एकाच विश्वचषकात, 7 सामन्यांत 6 गोल केले आणि गोल्डन बूट नेला. तेवढ्याच गोलांसाठी पेरिशिचला तीन विश्वचषक लागले. देशासाठी शूकरचे 69 सामन्यांत 45 गोल आहेत. आणि 1998चा संघ कोणता होता हे विसरू नका. 1991मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेल्या, नुकत्याच युद्धातून बाहेर पडलेल्या देशाचा तो पहिला विश्वचषक होता आणि त्यात ते तिसरे आले. (पुढे आपल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले इगोर श्तिमाच त्या संघाच्या बचावफळीत होते.) बेरीज करून एक गोल जास्त दाखवणं सोपं आहे, पण गोल कोणत्या ओझ्याखाली झाले तेही बघायला हवं.

आणि ज्या 2018चं तुम्ही एवढं कौतुक करता, त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या आधीच्या सामन्यात, रशियाविरुद्ध, त्याला दुसऱ्या सत्रात बाहेर काढलं होतं. तेही सांगायला हवं होतं.

निळी काळी पट्टी

मी इंटर मिलानचा चाहता आहे आणि पेरिशिचला आठवड्यामागून आठवडे पाहिलं आहे. तुम्ही सगळे त्याला दर दोन वर्षांनी महिनाभर पाहता, तिथेच फरक पडतो.

2015ला तो वोल्फ्सबुर्गकडून आला. पहिली चार वर्षं एकच चित्र. दोन महिने असा खेळायचा की समोरच्या राइट बॅकला झोप लागू नये. मग पुढचे दोन महिने मैदानावर आहे की नाही ते कळायचं नाही. डाव्या पायाने क्रॉस, उजव्या पायाने क्रॉस, उंची, वेग, हेडर, सगळं होतं, पण भरवसा नव्हता. जानेवारी 2019मध्ये त्याने क्लब सोडायची मागणी केली आणि क्लबचे अधिकारी मारोत्तांनी ती जाहीरपणे मान्यही केली. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून कॉन्ते आले. सराव सामन्यांत त्याला डावा विंगबॅक (त्या बाजूला बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा) म्हणून खेळवून पाहिलं आणि हा या जागेसाठी योग्य नाही असं पत्रकारांसमोर सांगितलं. त्याची जर्मनीतल्या बायर्नला उसनवारीवर रवानगी झाली. तिथे त्या हंगामात तिन्ही मोठे करंडक आले. बार्सिलोनावरच्या 8-2मध्ये याचाही एक गोल होता. पण चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या अकरात कोमान होता आणि निर्णायक गोलही कोमानचाच.

मग खरी गोष्ट सुरू होते. तो इंटरला परतला. ज्या जागेसाठी कॉन्तेंनी त्याला नाकारलं होतं त्याच जागेवर त्याच कॉन्तेंनी त्याला उभा केला, आणि 2021मध्ये अकरा वर्षांनी आम्ही लीग जिंकली. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक इंझागींच्या हाताखाली तो आणखी चांगला खेळला. तेहतिसाव्या वर्षी, विंगबॅक असून, लीगमध्ये 8 गोल! मे 2022मध्ये रोमला युव्हेंटसविरुद्ध कोपा इटालियाचा अंतिम सामना होता. जादा वेळेत आधी पेनल्टी, मग तीनच मिनिटांत डाव्या पायाचा तोफगोळा. 4-2. त्या रात्री मी रडलो. आणि करंडक हातात यायच्या आतच तो कॅमेऱ्यासमोर कराराबद्दल क्लबला सुनावत होता. तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं.

माझं म्हणणं एवढंच. विंगर म्हणून तो कधीच महान नव्हता. एकतिसाव्या वर्षी कुणीतरी त्याला मागे धावायला लावलं तेव्हा तो महान झाला.

पेठेतला हाफ

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'कुणीतरी लावलं.' असं होत नसतं, भाऊ.

मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघात डावीकडे खेळतो. फॉरवर्ड खेळणाऱ्या पोराला मागे ओढणं काय असतं ते रोज बघतो. चेंडू गेला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. शिव्या घाला, बाहेर बसवा, चार दिवस मागे येतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा कमरेवर हात. पळायची ताकद सरावाने येते. पण चेंडू गमावल्यावर पहिली दहा पावलं मागे टाकायची की नाही, हे माणूस स्वतः ठरवतो. जर्मनीत सगळं मिळवून झाल्यावर, तिशी ओलांडल्यावर, प्रशिक्षकाने चारचौघांत नाकारल्यावर हा माणूस ती दहा पावलं टाकायला लागला. कॉन्तेंनी जागा दाखवली हे मान्य, पण पाय त्याचेच होते ना?

दोन्ही पायांनी कॉर्नर घेणारे मी फार कमी पाहिलेत. त्यामुळे समोरच्याला तो आत येणार की रेषेकडे जाणार हे कळतच नाही. फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातला गोल बघा. उजव्या पायाने चेंडू बाजूला घेतला आणि बाहेर जाईपर्यंत न थांबता डाव्याने मारला. कांतेला पाय घालायला वेळच मिळाला नाही.

मुक्ता

त्याच अंतिम सामन्यात दहा मिनिटांनी त्याच्याच हाताला चेंडू लागून पेनल्टी गेली. तिथून क्रोएशिया सावरला नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. डॉर्टमुंडला असताना खेळायला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून त्याने प्रशिक्षक क्लॉपवर जाहीर टीका केली. तो संघ तेव्हा दुहेरी मुकुट (लीग आणि कप) जिंकलेला होता. 2019ला इंटर सोडायची मागणी. 2022ला करंडकाच्या रात्री कराराचं भांडण. 2024ला क्रोएशियातल्या लहानपणीच्या हायडुक क्लबमध्ये परतला आणि त्याच सप्टेंबरमध्ये नेदरलंड्सच्या पीएसव्हीला निघून गेला. सोशो, रूसेलारे, ब्रुज, डॉर्टमुंड, वोल्फ्सबुर्ग, इंटर, बायर्न, टॉटनहॅम, हायडुक, पीएसव्ही. दहा क्लब! मोठा खेळाडू संघ घडवतो, त्यासाठी थांबतो. मॉड्रिच माद्रिदमध्ये तेरा वर्षं राहिला.

रात्रपाळी

मुक्ता, हाताला लागलेल्या चेंडूबद्दल आधी. फ्रान्सच्या माटुईदीने त्याच्या पुढ्यात उडी मारली, चेंडू हुकला आणि मागे उभ्या असलेल्याच्या हातावर आला. पंच पिताना स्क्रीनवर पाहून परत निघाले, पुन्हा वळून स्क्रीनकडे गेले. इतक्या खात्रीचा तो निर्णय होता! हे पाप त्याच्या नावावर टाकणं मला मान्य नाही.

क्लबांबद्दल मात्र थोडं खोलात जायला हवं. तो स्प्लिटमध्ये जन्मला, ओमिशला वाढला. वडिलांचा कोंबड्यांचा फार्म होता, तिथे तो मदत करायचा, म्हणून त्याला 'कोका' म्हणतात, म्हणजे कोंबडी. वडिलांचा धंदा अडचणीत असताना, सतराव्या वर्षी, हायडुकच्या मुख्य संघातून एकही सामना न खेळता तो फ्रान्सला सोशोकडे गेला. तिथेही मुख्य संघात जागा झाली नाही. मग बेल्जियममध्ये उसनवारीवर. ज्याला मॉड्रिचसारखं घर मिळालं नाही, त्याला 'थांबला का नाहीस' असं विचारणं मला न्याय्य वाटत नाही. ब्रुजमध्ये थांबला तेव्हा 2010-11ला 22 गोल करून लीगमध्ये पहिला आला. आणि क्लॉपचं म्हणाल, तर 2015चा जर्मन कपचा अंतिम सामना आठवा. वोल्फ्सबुर्गने डॉर्टमुंडला 3-1 हरवलं, तो क्लॉपचा डॉर्टमुंडमधला शेवटचा सामना. पेरिशिच वोल्फ्सबुर्गकडून मैदानात होता.

रशियाविरुद्ध बाहेर काढलं हे मी लिहायला हवं होतं, ते मान्य. आणि पट्टीवाल्या मित्राचंही अर्धं मान्य. रेषेवर चिकटून खेळणारा विंगर म्हणून तो सातत्याने पहिल्या रांगेत नव्हता. मी 'विंगर' या शब्दावर अडून बसणार नाही.

निळी काळी पट्टी

हाफभाऊंचा मुद्दा मान्य. 'कुणीतरी लावलं' हे वाक्य मागे घेतो.

पण सातत्याचं दुखणं देशाकडून खेळतानाही होतं. युरो 2016मध्ये स्पेनविरुद्ध 87व्या मिनिटाला गोल करून गट जिंकून दिला. पुढच्याच सामन्यात पोर्तुगालविरुद्ध जादा वेळेच्या शेवटी त्याचं हेडर खांबाला लागलं, चेंडू तिथूनच उलट गेला आणि क्वारेस्माने गोल केला. पोर्तुगाल पुढे युरो जिंकला.

पेठेतला हाफ

खांबाला लागलेलं हेडर सातत्याच्या खात्यात कसं काय लिहिता? त्या क्षणी तो तिथे पोचला होता हेच तर मी सांगतोय.

आणि आताचंही बघा. सप्टेंबर 2023ला टॉटनहॅममध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. चौतिशीत. बहुतेक जण तिथेच बूट टांगतात. हा जून 2024ला युरोत खेळला. फेब्रुवारी 2025ला पीएसव्हीकडून चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध तुरिनलाही गोल, आइंडहोवनलाही गोल, आणि युव्हेंटस बाहेर. छत्तिसाव्या वर्षी. मे महिन्यात डच लीगही जिंकला. मार्चमध्ये क्रोएशियाने स्प्लिटला फ्रान्सला 2-0 हरवलं, त्यातला एक गोल याचा. स्वतःच्या गावात.

जुना लेफ्टआउट

तो गुडघ्याचा भाग वाचून मीही थांबलो. त्या दुखापतीने संपलेले चांगले खेळाडू मी जवळून पाहिले आहेत.

पण एवढ्या चर्चेनंतर मला वाटतं आपण तुलनाच चुकीच्या माणसाशी करतोय, आणि त्यात माझीही चूक आहे. पेरिशिच विंगबॅक म्हणून मोठा असं ठरत असेल, तर समोर शूकर नको. रॉबर्ट यार्नी हवा. तोही हायडुकचा. 1998ला डावी बाजू एकट्याने सांभाळायचा. जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर लांबून मारलेला पहिला गोल त्याचाच, आणि तिथून 3-0 झालं. दोघांनाही बचावातून हल्ल्यात यायचं होतं. यार्नीचा वेग जास्त, पेरिशिचचं हेडर आणि उजवा पाय जास्त चांगला. क्रोएशियाच्या सार्वकालिक संघात डावीकडे एकच जागा आहे. कुणाला देता?

रात्रपाळी

यार्नीचा विचार मी केलाच नव्हता. त्याचा तो एक गोल सोडला तर मला काही आठवत नाही, आणि तेवढ्यावर उत्तर द्यायचं नाही. शनिवारी जर्मनीविरुद्धचा तो पूर्ण सामना बघतो, फक्त डावी बाजू. मग लिहितो.